पाणसळ

गाडी थांबली तेव्हा रस्त्यावर समोर चिटपाखरूही नव्हतं. पादचारी पूल अजून थोडा पुढे होता, ऊन पाठीमागून येत होतं, ताई नेहमीसारखी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसली होती आणि काचवाला शेजारच्या सीटवर मांडीवरचा डबा सांभाळत आपल्या या थोरल्या बहिणीला काहीतरी सांगत होता. काय सांगत होता, ते नंतर कितीही डोकं खाजवलं तरी त्याला आठवलं नाही. एकदम कुणीतरी मागून कॉलर धरावी तशी गाडी जागच्या जागी अडली. डबा पायांत पडला, पट्टा खांद्यात रुतला, ताईचा चष्मा नाकावरून निसटून समोर काचेपाशी जाऊन आदळला. डॅशबोर्डवर एक लाल चित्र पेटलं, काहीतरी टींटीं वाजलं आणि लगेच गप्प झालं. मागून कुणी येत नव्हतं हे नशीब. पुलावरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती, ती थांबून कठड्यावरून खाली बघायला लागली. ताईने चष्मा उचलला, वाकलेली काडी बोटांनी सरळ केली आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात जन्मभर हुकूम सोडून कमावलेला तिचा आवाज, पण या वेळी तो अगदी बारीक निघाला. "माझा पाय पडला रे," ती म्हणाली.

"तुझा नाही पडला. गाडीने आपणहून ब्रेक मारला."

"गाडी कशाला मारेल? समोर काय होतं?"

समोर काहीच नव्हतं. काचवाल्याने मान पुढे काढून रस्ता पाहिला, पूल पाहिला, पुलावरची बाई पाहिली.

"मग?" ताई म्हणाली. तिने गाडी पुन्हा चालू केली आणि घरापर्यंत इतकी हळू नेली की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं.

काचवाला तसा सुखी माणूस होता, आणि आपण सुखी आहोत हे त्याला माहीत होतं, यातच त्याचं निम्मं सुख होतं. गाड्यांच्या काचा बसवणं हा त्याचा धंदा. फुटलेली काच तारेने कापून काढायची, कड खरवडायची, काळ्या चिकट डिंकाची दोरी एका दमात चारी बाजूंनी फिरवायची आणि मग दोघांनी दोन बाजूंनी रबरी पकडींनी नवी काच उचलून श्वास रोखून ती जागेवर टेकवायची. टेकते त्या क्षणी काच किंचित दबते आणि डिंकातून एक ओला, जाड आवाज येतो. तो आवाज त्याला आवडायचा. सकाळी शटर वर केल्यावर येणारा रबराचा आणि डिंकाचा वास आवडायचा, काचेचा तळहाताला लागणारा गारवा आवडायचा. बायको म्हणायची, तुम्हाला सगळंच आवडतं, तुम्हाला विचारण्यात काही अर्थ नाही. त्याने बसवलेल्या काचेतून पाण्याचा थेंब आत आला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. पण रात्री अंगावर पांघरूण ओढताना कधीकधी ती त्याला आपसूक आठवे आणि झोप चांगली लागे. पुलाच्या त्या प्रकारानंतर मात्र पांघरूण ओढलं की त्याला ती बाई आठवायला लागली, पिशवी सावरत कठड्यावरून वाकून बघणारी. जणू तिला वरून काहीतरी दिसलं होतं आणि ते सांगायच्या आत ही दोघं निघून आली होती.

हल्लीची काच ही नुसती काच राहिली नव्हती, एवढं त्याला कळत होतं. आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक छोटा कॅमेरा बसलेला असतो. तो रस्त्यावरचे पट्टे पाहतो, पुढची गाडी पाहतो, माणूस आडवा आला तर चालवणाऱ्याच्या आधी ब्रेक लावतो. काच बदलली की कॅमेऱ्याला पुन्हा शिकवावं लागतं, समोर म्हणजे नेमकं कुठे. त्यासाठी गाडीपुढे ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक बोर्ड उभा करायचा, गाडीला यंत्र जोडायचं आणि ते सांगेल तसं करत जायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. इतके दिवस काचवाला अशा गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला पाठवून द्यायचा, पण तिथे गिऱ्हाइकं ताटकळायची आणि परत यायची ती तोंड वाकडं करून. शेवटी मेहुण्याच्या भुणभुणीला कंटाळून त्याने एक घडीचं स्टँड आणि बोर्ड भाड्याने आणला. तेवढ्यात ताईच्या गाडीच्या काचेवर ट्रकच्या चाकातून उडालेला दगड बसला. परक्याच्या गाडीवर हात साफ करण्यापेक्षा घरची बरी, म्हणून पहिली गाडी ताईचीच घेतली. स्टँडवर पाणसळ ठेवून, तिच्या नळीतला बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत तो घाम पुसत राहिला होता. यंत्रावर हिरवी खूण उमटली तेव्हा मेहुण्याने टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे चुकलं काही नव्हतं. आणि तरीही गाडी मोकळ्या रस्त्यावर थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ताई बसने गॅरेजमध्ये आली आणि किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. "ही विकून टाक," ती म्हणाली. "मला आता नको." त्याने किल्लीला हात लावला नाही. ताई चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली होती, आणि शिकवली होती यानेच, बाजाराच्या रिकाम्या मैदानात, सुट्टीच्या दिवशी. तिचे यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. धुलाईखात्यात उभ्याउभ्या दिवस काढणारी बाई, चादरींचे गठ्ठे एका हाताने फिरवणारी, पण क्लचवर पाय ठेवला की तिचा गुडघा थरथरायचा. तो शेजारी बसून ओरडायचा, ती उलट ओरडायची, गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. मग एके दिवशी ती न सांगता मैदानाच्या फाटकातून सरळ रस्त्यावर गेली. तो कडेला उभा राहून हाका मारतोय आणि ती चौकातून वळून दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने लहानपणी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती कुणाच्या गाडीत पाहुण्यासारखी बसली नाही. नात्यातल्या आजारी माणसांना दवाखान्यात तीच न्यायची, पहाटे स्टेशनवरून तीच आणायची, मनात आलं तर नदीपर्यंत एकटीच जाऊन काही न करता परत यायची. "घरात बसून मी म्हातारी होते, गाडीत नाही," असं म्हणायची. आणि आता ती त्याच्या टेबलापाशी पिशवी कवटाळून उभी होती, पाहुण्यासारखी.

"ताई, चूक माझी आहे. कॅमेऱ्यात काहीतरी गडबड आहे."

"काय गडबड आहे?"

"ते अजून सापडलं नाही."

"छोट्या," ताई म्हणाली. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर चंद्र उगवलेल्या माणसाला या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच उरली होती. "मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील. लहानपणी कपबशी मी फोडली तरी तू माझ्या आधी रडायचास. माझ्या पायाला मला न विचारता हालचाल करावीशी वाटली, बस. उद्या तिथे एखादं पोर आडवं आलं आणि पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला तर? वय झालं. त्यात रडण्यासारखं काय आहे?" ती रडत नव्हतीच. पण जाताना शटरपाशी थांबून तिने आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जणू वर्षानुवर्षं कामाला असलेला माणूस चोरी करताना सापडला होता. पाय आपोआप कसा पडेल, असं तो तिला ओरडून सांगणार होता, पण ती रस्ता ओलांडून गेली होती.

मेहुण्याचं म्हणणं वेगळं होतं. हा बायकोचा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये भागीदार होता आणि त्याला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे नवी वस्तू. "दाजी, भाड्याचं यंत्र शेवटी भाड्याचंच. किती हातांतून गेलं असेल. आपण आपलं घेऊ, आणि घ्यायचं तर मोठं घेऊ." मग त्याने माहितीपत्रकं आणली. एक होतं मोठं, रुळांवर सरकणारं, बोर्डाच्या जागी भलामोठा पडदा, त्यावर हवी ती चित्रं आपोआप उमटायची. एक होतं मधलं, त्याच्या पकडी गाडीच्या चाकांना बसायच्या आणि तिथून किरण सोडून ते आपली जागा स्वतः मोजायचं. आणि एक घडीचं, भाड्याने आणलं होतं तसंच. काचवाला रोज दुपारी ती पत्रकं समोर घेऊन बसे. त्याचं मन घडीच्याकडे ओढ घ्यायचं, कारण त्यात हाताला काम होतं: मोजायची फीत धरायची, दोरी ताणायची, पाणसळ बघायची. पडद्याचं यंत्र बघितलं की त्याला दातांच्या डॉक्टरची खुर्ची आठवायची. पण चित्रं पाहता पाहता त्याचं लक्ष उडायचं आणि तो आपल्या हातांकडे बघत बसायचा. हे हात त्याच्या ओळखीचे होते. आता त्यांच्यावर शंका घ्यायची म्हणजे घरातल्याच माणसाचे खिसे तपासल्यासारखं होतं. ताईची चूक नाही म्हणावं तर आपली हवी, आणि आपली कुठे दिसत नव्हती. खरं सांगायचं तर कुठलं यंत्र घ्यायचं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं उरलं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की ज्यात चूक दिसते असं काहीतरी कुणीतरी त्याच्या पुढ्यात आणून ठेवावं.

तिकडे ताई शेजारणीच्या गाडीतून मागच्या सीटवर बसून भाजीला जायला लागली होती. ही बातमी बायकोने जेवताना दिली आणि तो ताटावरून निम्म्यातच उठला.

यंत्रं दाखवायला जी बाई आली ती उंच, सावळी, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची घट्ट वेणी घातलेली होती. चाकांच्या पेट्या तिने स्वतःच ओढत आत आणल्या, मेहुण्याला हात लावू दिला नाही. मेहुणा तिला पडद्याबद्दल विचारत होता आणि ती गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत होती. "उतार आहे," ती म्हणाली. "असणारच," काचवाला जरा अभिमानानेच म्हणाला. "पाणी गटाराच्या जाळीकडे जायला हवं ना." ती हसली. मग तिने चाकांना पकडी लावायचं यंत्र बाजूला ठेवलं आणि घडीचं स्टँड उघडलं. "तुम्ही जसं केलं होतं तसं करून दाखवा. मी नुसती बघते." काचवाल्याने ताईच्या घरून आणून ठेवलेली तिची गाडी जागेवर घेतली, फीत धरली, दोरी ताणली. हे सगळं करताना त्याला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं. स्टँड त्याने उचलून जाळीच्या बाजूला नेलं, उभं केलं, वर पाणसळ ठेवली आणि डोळे बारीक करून बुडबुड्याकडे बघायला लागला. बुडबुडा हळूच सरकला आणि रेघांच्या मध्ये येऊन बसला. त्याने मान वर केली. बाई बुडबुड्याकडे बघतच नव्हती.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"खाली बघा."

त्याने खाली पाहिलं. स्टँडच्या पायाखाली एक लाकडी फळी होती. त्याने ठेवली नव्हती. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा फळीकडे पाहत होता, तोंड थोडं उघडं. "तुमच्या पायाने," बाई म्हणाली. "भिंतीकडून ओढलीत आणि आत सरकवलीत. हात वरच होते तुमचे."

काचवाला मागे सरकून काच ठेवायच्या लाकडी घोड्यावर टेकला. त्या गॅरेजात जाळीच्या बाजूला असलेली प्रत्येक वस्तू फळीवर उभी होती, हे त्याला आत्ता, या वयात, पहिल्यांदा दिसलं. स्टूल फळीवर होतं, पाण्याचा पिंप फळीवर, कपाट फळीवर. जमीन घातली तेव्हा गवंडी म्हणत होता सपाट करू, पण ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. धुलाईखात्यात पाणी साचून बायका पडतात, तू मला सांगू नकोस, उतार दे, आणि चांगला दे. गवंडी घाबरून जरा जास्तच देऊन बसला. पहिल्या दिवसापासून जॅक डुगडुगले, शिडी डुगडुगली, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे पाय फळ्या शोधायला शिकले. श्वास घेताना नाक असतं का आठवणीत? तसंच झालं होतं. बाई शांतपणे सांगत होती. गाडीही उतारावर आणि बोर्डही उतारावर, दोन्ही एकाच उतारावर असती तर एक वेळ निभावलं असतं. तुम्ही एकट्या बोर्डाला वर उचललंत. कॅमेऱ्याला वाटलं आपण खाली वाकून बघतोय. त्याने तेवढा हिशोब धरला, आणि मग रस्त्यावर जे डोक्यावर आहे ते त्याला नाकासमोर दिसायला लागलं. "त्या रस्त्यावर वर काही होतं का?" तिने विचारलं. पादचारी पूल, काचवाला म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला की तो बाईसमोरच मोठ्याने हसला. मेहुण्याला वाटलं दाजींचं डोकं फिरलं. आनंद कसला, तर आपण चुकलो याचा.

"मोठं घ्या, मधलं घ्या, तुमची मर्जी," बाई पेट्या बंद करताना म्हणाली. "पण जमिनीचा एक तुकडा सपाट करून घ्या. आणि ही फळी त्या भागात येऊ देऊ नका."

त्याने मधलं घेतलं. चाकांच्या मध्यापासून मोजणारं, जमिनीवर विश्वास न ठेवणारं. मेहुण्याने पडद्यासाठी थोडं तोंड पाडलं, मग त्या यंत्रातून निघणारे तांबडे किरण पाहून तो खुलला. दोन गाड्यांएवढी जागा खणून सपाट करायला गवंडी आला. तिथे आता पाणी साचेल, ते पुसावं लागेल, हेही ठरलं. सगळं झालं आणि मेहुण्याने उत्साहाने ताईची गाडी नव्या जमिनीवर घ्यायला किल्ली उचलली.

"ठेव ती," काचवाला म्हणाला.

"का? पहिली हीच करू."

"अजून नाही."

कारण तो आदल्या संध्याकाळी ताईकडे जाऊन आला होता. ओट्यापाशी उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं, फळी, बुडबुडा, पूल. तिच्याच चहाच्या कपाखाली डबीचं झाकण तिरकं ठेवून दाखवलं. ताईने कौतुकाने ऐकलं. "म्हणजे उतार माझा आणि फळी तुझी," ती म्हणाली आणि दोघं हसली. त्याला वाटलं, झालं. मग ती कप विसळता विसळता म्हणाली, "पण बघ, तुझा पाय तुला न कळता हललाच ना? मी तेच म्हणत होते. तुझा हलतो, मग माझा का नाही हलणार? तू तर माझ्यापेक्षा लहान." तिचं चुकत नव्हतं. त्याने शोधून आणलेलं सगळं तिने अलगद उचलून आपल्याच म्हातारपणाच्या बाजूला ठेवलं होतं. तिला दुखावून घ्यायची हौस नव्हती. तिला फक्त स्वतःला फसवून घ्यायचं नव्हतं, आणि असल्या माणसाला बोलण्याने पटवता येत नाही. घरी चालत येताना काचवाल्याला जन्मात पहिल्यांदाच एखादी गोष्ट दुरुस्त करायची भीती वाटली. गाडी एकदा सरळ झाली की ती त्या पुलाखालून सुरळीत जाणार, कायम जाणार. मग तो पाय कुणाचा होता हे कुणालाच, कधीच कळणार नाही. बिघाड होता तोवरच त्याच्याकडे पुरावा होता.

रविवारी सकाळी त्याने ताईला जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं, शेजारच्या सीटवर. ती कुरकुरत होती. मागे बऱ्याच अंतरावर मेहुणा गॅरेजची गाडी घेऊन, चारी दिवे लुकलुकत ठेवून येत होता, म्हणजे मागून कुणी अंगावर यायला नको. रस्ता रिकामा होता. दुकानं बंद होती, एका दारातून कुणीतरी सतरंजी झटकत होतं, झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. ही काच त्याने बसवली होती. कडेला कुठे उंचसखल नाही, कुठे शिट्टी वाजत नाही, हे त्याचं मन एकीकडे नोंदवत होतं. दूर पूल दिसायला लागला तशी ताईने दाराची मूठ धरली. काचवाल्याने वेग धरला. मग त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, दोन्ही पाय मागे घेतले आणि सीटच्या बुडाशी घट्ट लावले.

"ताई, माझ्या पायांकडे बघ."

"पुढे बघ, गाढवा!"

"मी पुढे बघतोय. तू पायांकडे बघ."

गाडी आपल्याच जोरावर पळत होती. पूल मोठा होत होता, त्याच्या कठड्याच्या गजांतून आभाळ दिसत होतं, आणि वर कुणीच नव्हतं. नेमक्या त्या क्षणी त्याच्या मनात आलं, गाडी आपणहून थांबलीच नाही तर? फळीचं, बुडबुड्याचं सगळं खरं असेल, आणि तरी त्या दिवशी पाय तिचाच पडला असेल तर? मग ही शेजारी बसलेली बाई त्याच्याकडे समजूतदारपणे बघेल, त्याच्या पाठीवर हात ठेवेल आणि शेजारणीच्या मागच्या सीटवर कायमची जाऊन बसेल. आजवर एकाही काचेसाठी त्याने असं मागितलं नव्हतं, पण आता त्याचं सगळं अंग मागत होतं: चुकलेलं असू दे, माझं काम वाईट असू दे. पुलाची सावली रस्त्यावर पुढे पडली होती. ती चाकांना लागायला थोडीच जागा उरली असेल.

लाल चित्र पेटलं, टींटीं वाजलं आणि गाडी जोरात झटका देऊन अडली. दोघांचे पट्टे एकदम करकचले. या वेळी ताईने चष्मा आधीच हाताने धरून ठेवला होता. ती पुलाकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून त्याच्या पायांकडे बघत होती, सीटच्या बुडाशी लपलेल्या, चपलांतून अर्धवट निघालेल्या त्या दोन निरुपद्रवी पायांकडे. मागे दूरवर मेहुण्याने हॉर्न दिला, काय झालं म्हणून.

ताई सरळ बसली. तिने आपल्या उजव्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. "मग मी इतके दिवस," तिचा आवाज चढला, धुलाईखात्यातला आवाज, मागच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असा, "मग मी इतके दिवस त्या शेजारणीच्या मागे बसून तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली ती कशाला?"

"मी सांगत होतो ना."

"सांगत होतास! सांगून काय होतं?" तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेली होती, दोन्ही एकदम. काचवाल्यालाही तसंच काहीतरी होत होतं, फक्त त्याला राग येत नव्हता. त्याने बटण दाबून ते ब्रेकचं कसब बंद करून टाकलं. उद्या नव्या जमिनीवर गाडीला पुन्हा नीट शिकवायचं होतं. तोवर ताईने आपल्या बाजूचं दार उघडलं होतं. ती गाडीच्या पुढून वळसा घालून आली, पुलाच्या सावलीतून उन्हात, आणि त्याच्या दारापाशी उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. ताईने सीट पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला, मेहुण्याला हात दाखवून घरी जायला सांगितलं.

"कुठे जायचं?" काचवाल्याने विचारलं.

"ते मी बघेन. तू पट्टा लाव."